ताडपत्रीखालचा मचवा

चिपळूण

एखादी बाई एका जुन्या गाडीच्या भिंती वाजवून बघायला चिपळूणहून कतारला गेली, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी तिला वेड्यातच काढलं असतं. आता काय बोलणार, ती बाई मीच. परत आल्यापासून शेजारणी विचारतात, "काय काय बघितलंत? ते उंच उंच टॉवर बघितलेत का?" बघितले हो, मोटारीच्या काचेतून. बाकीचा वेळ माझं नाक एका प्लायवूडला चिकटलेलं होतं. प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

गाडी म्हणजे स्वतः चालणारी नव्हे. मोटारीमागे जोडून ओढत न्यायचं, चाकांवरचं छोटं घर. बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आत लाकडी सांगाडा, त्याला प्लायवूडच्या भिंती, दोन बाकं, घडीचं टेबल आणि एक शेगडी. माझ्या लग्नाच्याही आधीची बनावट. आम्ही दोह्याला राहत होतो तेव्हा एका गोऱ्या साहेबाने देश सोडताना विकायला काढली, आणि आमच्या ह्यांनी व इब्राहिमभाईंनी मिळून ती घेतली. हे एका वर्कशॉपमध्ये बसच्या बॉड्या बांधायचे. इब्राहिमभाई रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचे, एका कंपनीत स्टोअरकीपर. दोघांची खोली लग्नाआधी एक, मग आमची बिऱ्हाडं एकाच बिल्डिंगमध्ये. गाडी घेतली तेव्हा तिचं लाकूड पार गेलेलं. ह्यांनी वर्षभर दर शुक्रवारी खपून आतला सांगाडा नवा केला. इब्राहिमभाईंच्या आजोबांचा मासेमारीचा मचवा होता, म्हणून त्यांनी हिचंही नाव मचवा ठेवलं. तेव्हापासून 'ती गाडी' गेली आणि 'तो मचवा' झाला.

ह्यांची एक सवय सांगून ठेवते. फटी बुजवायच्या लगद्याला आमच्याकडे लांबी म्हणतात. काम संपलं की शेवटच्या ओल्या लांबीत हे अंगठा दाबून ठेवायचे. का, म्हटलं तर म्हणायचे, "बघितलंय म्हणून खूण." आमच्या घराच्या खिडक्यांनाही असे अंगठे आहेत.

तर, दिवाळीनंतर इब्राहिमभाईंचा फोन आला. "वहिनी, मी आता कायमचा येतोय गावाला. नोकरी खलास. मचवा ज्या व्हिलामागे उभा हाय, ती जागापण रिकामी करायचीय. तुमचा जावई न्यायला तयार हाय, पण तो बोलतो आधी तपासून घ्या. एप्रिलात वादळ झालं ना, तवा वरती कायतरी येऊन आपटलंय. मना तर बाहेरनं काय दिसत नाय."

"मग कुणी मेकॅनिक बोलवा की!"

"मेकॅनिक बोलतो, भंगारात द्या. त्याला काय? तुमच्या घरात पुराचं पाणी शिरलेलं. पाणी गेल्यावर लाकडात काय होतं ते तुमना म्हायत. तुम्ही या."

ते मात्र खरं. चिपळूणकराला पाणी येताना कसं दिसतं ते टीव्हीवाले विचारतात, पण खरं शिक्षण पाणी ओसरल्यावर होतं. वरून सुकलेलं कपाट चार महिन्यांनी हातात येतं. कुठे दाबायचं, कुठे हुंगायचं, हे मी माझ्या घरात शिकले होते.

हे स्वतः गेले असते, पण खुब्याचं ऑपरेशन झालेलं. पलंगावरून हुकूम सुटला, "माझी लाकडी हातोडी घेऊन जा. तू भिंत वाजव, मी फोनवर ऐकतो. इब्राहिमच्या हातात काही देऊ नकोस, तो प्रेमाने वाजवेल."

"आणि मी?"

"तू कशालाच प्रेमाने वाजवत नाहीस," हे म्हणाले. बघा! एवढ्या वर्षांची ही कमाई.

अल अझीझिया

दोह्याच्या विमानतळावर बॅग मशीनमधून गेली आणि एका तरुण अधिकाऱ्याने ती उघडायला लावली. वर कोकमाच्या आगळाची बाटली, खाली हातोडी, पोत्याची दाभण आणि टॉर्च. त्याने हातोडी उचलून माझ्याकडे पाहिलं. मी हिंदीत सांगितलं, "घर ठोकून बघायचंय." त्याने आगळ हुंगलं, तोंड वाकडं केलं आणि मला जाऊ दिलं. आगळाने माझी एक साडी मात्र रंगवली होती. ते त्याला दिसलं नाही, हे बरं.

मुलगी केतकी अल अझीझियात राहते. जावई निरंजन आयटीत, सरळ माणूस. रात्री जेवताना म्हणाला, "आई, मला तो मचवा हवाय हो. पण पोरीला त्यात झोपवायचं आणि हायवेवरून ओढायचं, तर मला खात्री पाहिजे. तुम्ही हो म्हणालात तर नेतो, नाही म्हणालात तर नाही."

नात म्हणाली, "आजी, इट स्मेल्स." तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते इंग्रजीतून.

"कसला वास?"

"लाइक युअर कपाट."

माझं कपाट म्हणजे पुरातलं कपाट. मी तिला सांगितलं, "गप जेव."

फरीज बिन ओमरान

दुसऱ्या दिवशी आधी इब्राहिमभाईंकडे गेले. ते अजून आमच्या जुन्या बिल्डिंगमध्येच राहतात. आमचं दार आता दुसऱ्याच रंगाचं आहे आणि बाहेर कुणाची तरी सायकल. जिन्यात मात्र तोच फोडणीचा आणि फिनाइलचा मिश्र वास. मी पहिल्या मजल्यावर उगाच थांबले. केतकीला कडेवर घेऊन, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी घेऊन मी ह्याच पायऱ्या चढायची, तेव्हा केवढी चिडचिड व्हायची माझी! आता तेच दिवस कुणी परत दिले तर पिशवी दुप्पट जड चालेल मला.

इब्राहिमभाई दारातच उभे होते. दाढी पांढरी झालेली. "आलाव काय वहिनी?" म्हणाले आणि दार अडवूनच उभे राहिले. कुलसुमभाभी आतून ओरडल्या, "त्यांना आत तरी घ्याल का?"

भाभींनी तांदळाची सांदणं वाफवली होती. घर अर्धं खोक्यांत. जेवताना सगळं मचव्याचंच बोलणं. हिवाळ्यात गुरुवारी संध्याकाळी निघायचं, सीलाइनला समुद्रकाठच्या वाळूत मचवा लावायचा. भाभी तांदळाच्या भाकऱ्या थापायच्या, मी सुरमईचं कालवण करायची. शेगडी एक आणि बायका दोन, तरी कधी भांडण झालं नाही. श्रावणात मला मासे चालत नाहीत म्हणून भाभी घरीसुद्धा महिनाभर आमच्या दारावरून मासळीची पिशवी झाकून न्यायच्या. सांगितलं नव्हतं कुणी.

"एकदा शेवटचा न्यायचाय बघा वाळूत," इब्राहिमभाई म्हणाले. "मंग तुमच्या नातीचा. तो भंगारात गेला तर मधूला तोंड कसं दाखवू?" मधू म्हणजे आमचे हे, मधुकर.

अबू हमूर

शुक्रवारी सकाळी इब्राहिमभाईंना घेऊन निरंजनच्या मोटारीतून अबू हमूरला निघालो. वाटेत करक चहा घेतला. इथली एक रीत मला आजही पटत नाही. टपरीसमोर गाडी उभी करायची, हॉर्न द्यायचा, की पोऱ्या चहा काचेपाशी आणून देतो. आपल्याकडे चहावाल्याला असा हॉर्न दिला तर तो उलटा आपल्यालाच भांड्यांवर बसवील. चहा मात्र फक्कड, वेलचीचा, दाट.

व्हिलामागच्या मोकळ्या जागेत पोचलो आणि मी जागीच थांबले. मचवा दिसतच नव्हता. दिसत होती ती निळी ताडपत्री. वरून खालपर्यंत, चारी बाजूंनी गुंडाळलेली, कडा विटांनी दाबलेल्या, दोरखंडाच्या गाठी अशा की होडीवाल्यानेच माराव्यात. आपल्याकडे मे महिन्यात लाकडांची रास बांधतात, तशी.

"ही कधी बांधलीत?" मी विचारलं.

"वादळाच्या दुसऱ्या दिवशी," इब्राहिमभाई अभिमानाने म्हणाले. "वरचं झाकण फुटलेलं. म्हटलं, पुन्हा पाऊस आला तर?"

"आणि सोडली कधी?"

"नाय सोडली. मागल्या महिन्यात एक बाजू उचलली, तुमच्या जावयाला दाखवायला तेवढीच."

तीस-पस्तीस वर्षं ह्या माणसाने वाळवंटात काढली, पण हाडं कोकणातली. एक पाऊस पडला म्हणजे मागून चार महिने पाऊस येणार, असंच त्यांच्या मनाने धरलं. तिथे कुठला येतोय? तिथे एप्रिलनंतर येतं ते ऊन. तो फुटका मचवा उघडा राहिला असता तर दोन दिवसांत खडखडीत वाळला असता. ताडपत्रीने आतलं पाणी आतच ठेवलं आणि अख्खा उन्हाळा त्याला मोदकासारखं उकडलं. हे सगळं मला दार उघडण्याआधीच कळलं, आणि मला ते कळायला नको होतं.

ताडपत्री काढली. बाहेरून मचवा झकास! पत्र्याला एक पोचा नाही. छपरावरच्या हवेच्या झाकणाला तेवढी चीर. दार उघडलं आणि वास आला, तसे इब्राहिमभाई मागे पडलेल्या ताडपत्रीकडे बघू लागले. नातीचं नाक माझ्यावर गेलंय.

मी पदर खोचला. आधी खाली वाकून चाकांमधला लोखंडी सांगाडा टॉर्चने बघितला. वरवरचा गंज, चिंता नाही. मग आत गेले. चटई उचलली. दारापाशी जमीन टणक. शेगडीखाली टणक. छताला झाकणाभोवती पिवळा डाग, तिथून एक फिकट ओघळ मागच्या डाव्या कोपऱ्याकडे गेलेला. भिंतीचा गुळगुळीत पापुद्रा तिथे जरासा फुगलेला, आणि स्क्रूंच्या डोक्यांखाली तांबूस अश्रू. पाणी छपरातून शिरून दोन भिंतींच्या मधून उतरत खाली बसलं होतं. त्या कोपऱ्यातला खांबच मागचं बाक आणि मागची भिंत धरून ठेवतो. पोरं झोपायची ते बाक.

ह्यांना फोन लावला. निरंजनने फोन भिंतीपाशी धरला. मी दाराच्या बाजूला हातोडी मारली. टण्, टण्.

"वा!" पलंगावरून आवाज आला. "पुढे."

शेगडीमागे मारली. टण्.

"एक नंबर. सागाचा तुकडा आहे तिथे, बसच्या कामातला उरलेला. पुढे."

मग मागचा कोपरा. भद्.

इब्राहिमभाई दारात उभे, डोळे माझ्या हातावर.

"पुन्हा वाजव," हे म्हणाले.

आणि मी काय केलं असेल? आयुष्यभर लोकांना तोंडावर खरं सांगणारी मी, गुपचूप दोन पावलं मागे सरकले आणि दाराच्या बाजूला वाजवलं. टण्. ह्यांनी पलंगावर पडून असताना, सहा महिने घराच्या बाहेर पाऊल न टाकलेलं असताना, ते भद् पुन्हा ऐकावं हे मला सहन होईना. बस.

"ही दाराची बाजू झाली," हे शांतपणे म्हणाले. "भिंत माझी आहे, मला शिकवतेस? मघाची जागा वाजव."

वाजवली. भद्.

"दाभण लाव."

दाभण कोपऱ्यात टेकवली, जरा दाबली. फणसाच्या उकडलेल्या आठळीत शिरावी तशी गेली, मुठीपर्यंत. "गेली हो," मी म्हटलं.

"रस्त्यावर न्यायचा नाही," हे म्हणाले. "पहिल्याच खड्ड्यात मागची भिंत उघडेल. निरंजन, ऐकतोयस ना? नाही म्हणजे नाही. आता इब्राहिमला फोन दे."

इब्राहिमभाईंनी फोन दोन्ही हातांत धरला. "मधू, माझं चुकलं रे. मी ताडपत्री..."

"गप रे," हे म्हणाले. "ताडपत्रीचा काय संबंध? त्या कोपऱ्यात मी लांबी कमी भरलेली. त्या दिवशी डबा संपला होता, म्हटलं पुढच्या शुक्रवारी भरू, आणि राहिलं ते राहिलं. पाणी माझ्या जोडातून शिरलंय. तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस."

इब्राहिमभाईंनी डोळे पुसले. चेहऱ्यावरचा ताण सैल झालेला मला स्पष्ट दिसला. "असं काय?" ते म्हणाले. "मंग ठीक हाय. म्हातारा झालास तू." आणि जुम्म्याची वेळ झाली म्हणून मशिदीकडे निघून गेले. मी त्या ओलसर बाकावर बसून राहिले. माझ्या नवऱ्याने आयुष्यात कुठलाही जोड पुढच्या शुक्रवारवर टाकलेला नाही, हे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सांगाडा मोकळा करायला सुरुवात केली. टेबल, शेगडी, खिडक्या काढून घ्यायच्या आणि बाकीचा भंगारवाल्याला द्यायचा, असं ठरलं. निरंजन स्क्रू काढत होता, इब्राहिमभाई फळ्या उचलत होते. मागच्या कोपऱ्यातली आतली फळी सुटून हातात आली. खांब काळा, मऊ, चिमटीत चुरा होणारा. पण खांब आणि पत्रा जिथे मिळतात तो जोड वरून खालपर्यंत लांबीने गच्च भरलेला होता. एक केसाएवढी फट नाही. आणि अगदी खाली, शेवटी, अंगठ्याचा ठसा. रेषा न् रेषा दिसत होती.

इब्राहिमभाई त्या ठशाकडे बराच वेळ बघत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी निरंजनकडून पटाशी मागितली आणि तेवढा तुकडा हळूच सोडवून रुमालात गुंडाळला.

सीलाइन

पुढच्या शुक्रवारी आम्ही मचव्याशिवायच वाळूत गेलो. घडीचं टेबल आणि शेगडी मोटारीच्या डिकीत. कतारी लोकांचे तंबू केवढे! जनरेटर, गालिचे, मोठाले टीव्ही. आमचं बस्तान त्यांच्यापुढे सत्यनारायणाच्या चौरंगाएवढं. शेजारच्या तंबूतल्या एका म्हाताऱ्या कतारी गृहस्थाने आमची अवस्था पाहून खजुराचं ताट आणि कहव्याची किटली पाठवून दिली. भाभींनी ताट रिकामं परत पाठवायचं नाही म्हणून त्यात सांदणं घातली. ही रीत दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे भाषा लागली नाही.

वारा सुटला, कालवणात वाळू पडली, आणि आम्ही ते कुरकुरीत कालवण आवडीने खाल्लं. नातीने भाभींच्या हातची भाकरी तीनदा मागितली. तिसऱ्यांदा चक्क मराठीत.

ऊन कलताना इब्राहिमभाई माझ्याशेजारी येऊन बसले. "वहिनी, मधू खोटं बोलला."

"बोलला," मी म्हटलं.

"ताडपत्रीनंच गेला ना मचवा?"

मला त्यांना खोटं सांगता आलं असतं. पण एक प्रयत्न फसला होता आणि दुसऱ्याची हौस नव्हती. "होय," मी म्हटलं.

ते हसले, डोळे भरलेले. "माझ्या आईनं सांगितलेलं, जे आपलं त्याला आधी झाकून ठेव. इथं झाकायचं नसतं, हे मना कोणी बोललंच नाय."

पुन्हा चिपळूण

मी परतले. त्यानंतर महिन्याभराने इब्राहिमभाई आणि भाभी कायमचे रत्नागिरीला आले, आणि आठवड्याच्या आत आमच्या दारात. हे काठी टेकत ओटीपर्यंत आले होते. दोघांनी एकमेकांना घट्ट धरलं. काठी पडली ती मी उचलली.

मग इब्राहिमभाईंनी रुमाल सोडला आणि तो तुकडा ह्यांच्या मांडीवर ठेवला.

"हे काय?"

"तू लांबी भरायला विसरलास ना, ती."

पकडले गेले. ह्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं, जशी काही मीच फितूर. मी हात वर केले. मग त्यांनी तुकडा उजेडाकडे धरला आणि ठशात आपला अंगठा ठेवून बघितला. आजारपणात पार वाळलाय अंगठा. ठशात तो हलत होता, भरत नव्हता.

"केवढा हात होता रे तुझा," इब्राहिमभाई म्हणाले.

"हो ना." हे अंगठा तसाच ठेवून म्हणाले, "आणि ऐक. तू ताडपत्री बांधलीस ते बरोबर केलंस. मी तिथे असतो तर मीही बांधली असती."

ह्या वेळी ते खरं बोलत होते. इब्राहिमभाईंना ते कळलं, कारण ते मान खाली घालून लहान मुलासारखे रडले. मी दोघांना तसंच ओटीवर सोडलं आणि मागच्या अंगणात गेले. तिथे आमच्या लाकडांच्या राशीवर ह्यांनी मागच्या वर्षी पावसाआधी बांधलेली निळी ताडपत्री अजून तशीच होती, चारी बाजूंनी घट्ट. खाली बसून मी तिची एक गाठ सोडली.